गेलेल्यांचा पत्ता



जनकाच्या यज्ञमंडपातली एक हकिकत बृहदारण्यकोपनिषदात आहे. शिंगांना सोने बांधलेल्या हजार गायी उभ्या आहेत. जो सर्वांत मोठा ब्रह्मवेत्ता असेल त्याने त्या घेऊन जाव्यात, असे राजाने जाहीर केले आहे. याज्ञवल्क्याने कोणाची वाट न पाहता आपल्या शिष्याला त्या हाकायला सांगून टाकले. सभा चिडली आणि एकेक विद्वान उठून त्याला प्रश्न विचारू लागला. त्यांत जारत्कारव आर्तभाग नावाचा एक जण होता. त्याने विचारले, माणूस मेला की त्याची वाणी अग्नीत जाते, प्राण वायूत जातो, डोळा सूर्यात, मन चंद्रात, देह मातीत, अंगावरचे केस झाडाझुडपांत, रक्त पाण्यात. सगळे जिथल्या तिथे गेले. मग तो माणूस कुठे गेला?

बाकी सर्वांना भर सभेत निरुत्तर करणारा याज्ञवल्क्य इथे मात्र थांबतो. तो आर्तभागाला म्हणतो, तुझा हात दे, हे आपण दोघेच बोलू, लोकांत नको. दोघे उठून बाहेर जातात. काय बोलले ते उपनिषद पुरते सांगत नाही. ते कर्माविषयी बोलले, चांगल्या कर्माने माणूस चांगला होतो असे ठरले, आणि आर्तभाग गप्प झाला, एवढेच सांगते.

याज्ञवल्क्याने जे लोकांत बोलायचे टाळले तेच आज लोकांत बोलायचे मी योजले आहे. मेल्यानंतर काय होते, हे मला ठाऊक आहे म्हणून नव्हे. ते कोणालाच ठाऊक नाही, आणि प्रामाणिक ग्रंथांनी तसे सांगूनही ठेवले आहे. कठोपनिषदातला नचिकेता प्रत्यक्ष यमाच्या दारात बसून विचारतो की, मेलेला माणूस असतो असे काही म्हणतात, नसतो असे काही म्हणतात, खरे काय? यम म्हणतो, दुसरे काही माग, याबद्दल पूर्वी देवांनाही संशय होता. मृत्यूची देवताच जिथे आधी टाळाटाळ करते, तिथे माझ्यासारख्याने निकाल द्यायला बसू नये. मला बोलायचे आहे ते वेगळ्या गोष्टीबद्दल. गेलेल्यांचा पत्ता कोणापाशीही नसताना, त्या पत्त्याच्या नावाने मागे राहिलेल्यांना कोणती कामे वाटून दिली गेली, आणि ती वाटणी कोणी केली, याबद्दल.

मतभेद म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर दोन धर्म येतात. एक पुरतो, एक जाळतो. एकाला पुनर्जन्म मान्य, दुसऱ्याला कयामत. पण खरा गोंधळ एकाच घराच्या आत आहे, आणि तो फार जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अग्नीने दग्ध झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही पितरांना एकत्र हाक मारलेली आहे. तिथेच एका सूक्तात अग्नीला मृताचा देह सोपवला आहे, तर दुसऱ्यात जमिनीने त्याच्यावर भार टाकू नये अशी विनवणी आहे. म्हणजे आपले पूर्वज जाळतही होते आणि पुरतही होते. तिथे यम हा शिक्षा करणारा न्यायाधीश म्हणून येत नाही. मर्त्यांसाठी वाट शोधून काढणारा पहिला, असा येतो, आणि गेलेले त्याच्याकडे, पितरांच्या संगतीला जातात. पुनर्जन्माची कल्पना पुढे उपनिषदांत स्पष्ट होत गेली. ती आली तरी पितरांची जागा कोणी रिकामी केली नाही. दोन्ही समजुती शेजारी शेजारी राहिल्या.

आता हिशेब मांडून पाहा. वडील वारले. दहा दिवसांत रोज एक याप्रमाणे दिलेल्या पिंडांनी त्यांना नवा सूक्ष्म देह मिळतो, आधी डोके, मग एकेक अवयव, असे गरुडपुराण सांगते. सपिंडीकरण झाले की ते प्रेताचे पितर होतात आणि आजोबा-पणजोबांच्या पंक्तीला बसतात. पुढे दर वर्षी तिथीला आणि भाद्रपदातल्या पितृपक्षात त्यांना पान वाढायचे. पण कर्मसिद्धांत म्हणतो की वडिलांनी केव्हाच दुसरा जन्म घेतला असेल, कदाचित ते शेजारच्या गल्लीत रांगत असतील. मग पिंड घेते कोण?

हा प्रश्न मी नव्याने काढलेला नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात, म्हणजे १९५३ साली आलेल्या ग्रंथात, श्राद्धाची चर्चा करताना स्वच्छ लिहिले आहे की कर्म आणि पुनर्जन्म यांवर विश्वास ठेवणाऱ्याला तीन पिढ्यांच्या पितरांना पिंड पोचतात ही कल्पना जुळवून घेणे अवघड जाते. याच खंडाला १९५६ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. काणे सुधारकी उत्साहात काही तरी बोलून जाणारे गृहस्थ नव्हते. शास्त्र कोळून प्यालेल्या माणसाने शास्त्रातली भेग दाखवली आणि तिच्यावर पांघरूण घातले नाही, याचे मोल मला फार वाटते.

पुराणकारांनाही ही भेग दिसलेली होती. मत्स्यपुराणात तिचे उत्तर आहे. नाव आणि गोत्र उच्चारून दिलेले अन्न जिथे पितर असेल तिथे जाते आणि त्याला चालेल असे रूप घेते. बाप देव झाला असेल तर ते अमृत होते, पशू झाला असेल तर गवत होते, साप झाला असेल तर वारा होऊन पोचते. तर्कशास्त्राला हे उत्तर पटेल न पटेल. मला त्यातली धडपड मोलाची वाटते. बाप सापाच्या जन्माला गेला असला तरी तो उपाशी राहू नये, असे वाटणाऱ्या मुलांसाठी ते लिहिलेले आहे.

ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांचे घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. सरांनी देहदान केले. माझ्यामागे काही करायचे नाही, असे त्यांनी लिहून ठेवले होते. काकूंनी त्यांचा देह त्यांच्या इच्छेप्रमाणे वैद्यकीय महाविद्यालयाला दिला, अश्रू आवरून कागदांवर सह्या केल्या. आणि पुढे दर वर्षी सर्वपित्रीला खीर, वडे, आमसुलाची चटणी असे पान वाढून त्या गच्चीवर ठेवत राहिल्या. मुलांनी कधी त्यावरून वाद घातला नाही. सरांचे मत सरांच्या देहापुरते पाळले गेले आणि काकूंचे मत काकूंच्या हातापुरते. हा तह मला कोणत्याही तत्त्वज्ञानापेक्षा शहाणपणाचा वाटत आला आहे.

दहाव्याचा घाट तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. भाताचा पिंड मांडलेला असतो, त्याच्यावर दही, तीळ, बाजूला गेलेल्याच्या आवडीचे काही तरी. झाडावर कावळे असतात, पण खाली उतरत नाहीत. गुरुजी चार पावले मागे व्हायला सांगतात. ऊन चढते. मग कोणी तरी वडीलधारा पुढे होऊन हात जोडतो आणि म्हणतो, "धाकटीच्या लग्नाची काळजी करू नकोस, ते आम्ही पाहतो." तरी कावळा येत नाही. मग ज्या भावाशी दहा वर्षे बोलणे नव्हते तो पुढे होतो आणि जमिनीची वाटणी रीतसर करून देईन म्हणतो. सगळे ऐकत असतात. कावळा शिवतो तेव्हा बायाबापड्या डोळे पुसतात, आणि नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून शिववतात.

पक्षी केव्हा उतरतो याला त्याची भूक आणि माणसांची गर्दी कारण असते, हे मलाही कळते. पण तिथे दिलेला शब्द खोटा नसतो. वीस जणांच्या साक्षीने दिलेला असतो. वारलेल्या माणसाच्या मनात काय अडकले असेल याचा विचार जिवंत माणसे त्या अर्ध्या तासात करतात, एरवी करत नाहीत. या विधीवर हसणाऱ्यांनी त्या धाकटीला जाऊन विचारावे.

म्हणून शंका घेऊ नये, असे मात्र नाही. आपल्या परंपरेत शंका घेणारे पहिल्यापासून आहेत आणि त्यांना ग्रंथांनी जागा दिलेली आहे. वाल्मीकि रामायणात जाबाली नावाचा ब्राह्मण रामाला तोंडावर सांगतो की मेलेल्यांसाठी केलेले अन्न ही नासाडी आहे. एकाने खाल्लेले दुसऱ्याच्या पोटात जात असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला द्यायची? हाच युक्तिवाद चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रहात चार्वाकांच्या नावावर नोंदवला आहे. रामाला तो पटला नाही, पण तो ग्रंथातून काढूनही टाकला नाही.

शंकेखोरांमध्ये मला सर्वांत जवळचा वाटतो तो पायासी. दीघनिकायात त्याच्या नावाचे एक सुत्त आहे. कोसल देशात सेतव्या नगरीचा हा अधिपती. परलोक नाही, आपोआप जन्मणारे जीव नाहीत, बऱ्यावाईट कर्माचे फळ नाही, असे त्याचे मत होते. नुसते मत नव्हते. त्याने प्रयोग केले होते. आपले पापी नातलग मरायला टेकले तेव्हा त्याने त्यांना सांगितले होते, तुम्ही नरकात गेलात तर परत येऊन मला सांगा. कोणी आले नाही. पुण्यवान नातलगांनाही सांगितले, तेही आले नाहीत. एका चोराला त्याने जिवंत रांजणात घातले, तोंड ओल्या कातड्याने आणि चिखलाने बंद केले, रांजण भट्टीवर चढवला. चोर मेला असे वाटल्यावर हळूच तोंड उघडून जीव बाहेर पडताना दिसतो का ते पाहिले. दिसला नाही. दुसऱ्याचे वजन जिवंतपणी केले आणि मेल्यावर केले. मेल्यावर तो हलका झाला नाही, उलट जड लागला.

कुमारकस्सप नावाचा भिक्खू त्याला एकेक उत्तर देतो. पापी येत नाहीत, कारण नरकाचे रखवालदार त्यांना सोडत नाहीत. पुण्यवान येत नाहीत, कारण विष्ठेच्या खड्ड्यातून काढून न्हाऊमाखू घातलेला माणूस पुन्हा त्यात उडी घेत नाही. शिवाय देवलोकातला एक दिवस म्हणजे इथली शंभर वर्षे, तिथे दोन दिवस विसावा घेऊन येऊ म्हणेपर्यंत इथे कोण उरणार? रांजणाच्या प्रयोगावर तो विचारतो, तू दुपारी झोपतोस आणि स्वप्नात बागा-तळी पाहून येतोस, तेव्हा तुझ्या सेवकांना तुझा जीव जाताना-येताना दिसतो का?

उत्तरे चतुर आहेत. त्यांतल्या एकाही उत्तराने परलोक सिद्ध होत नाही. पायासीचे प्रयोग अपुरे आहेत एवढेच सिद्ध होते. आणि पायासीची शेवटची कबुली तर फारच माणसासारखी आहे. तो म्हणतो, तुझे पटते, पण आता मत बदलले तर लोक म्हणतील पायासी मूर्ख, इतकी वर्षे भलतेच धरून बसला होता. यावर कस्सप त्याला दोन मित्रांची गोष्ट सांगतो. दोघे तागाचे भारे घेऊन निघतात. वाटेत कापड सापडते, पुढे चांदी, पुढे सोने. एक जण दर वेळी जुना भारा टाकून नवा घेतो. दुसरा म्हणतो, हा भारा मी इतक्या लांबून वाहून आणला आहे, नीट बांधलेला आहे, राहू दे. आस्तिक असो वा नास्तिक, आपण सगळे मृत्यूबद्दलचे आपापले भारे असेच वाहत असतो.

हाच संवाद थोड्या फरकाने जैनांच्या राजप्रश्नीय सूत्रात आहे. तिथे राजा पएसी आणि श्रमण केशी. दोन धर्मांनी एकाच शंकेखोराला आपापल्या ग्रंथात घेतले, याचा अर्थ ती शंका त्या काळी गावोगाव ऐकू येत असली पाहिजे. आणि तिला मरण नाही. १९०७ साली अमेरिकेत डंकन मॅकडूगल नावाच्या डॉक्टरने मरणासन्न रुग्णांना खाटेसकट काट्यावर ठेवून आत्म्याचे वजन करण्याचा प्रयत्न जाहीर केला. रुग्ण अवघे सहा, मोजमापे एकमेकांशी न जुळणारी, पण त्यातल्या एकाचा एकवीस ग्रॅमचा आकडा आजही व्याख्यानांतून फिरत असतो. पायासीने दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी हे करून सोडून दिले होते.

खुद्द बौद्ध मतात तर आत्माच नाही. मग पुन्हा जन्म कोणाचा? यावर बौद्ध पंडितांनी शतकानुशतके खल केला. आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर निघालेल्या ग्रंथात हा प्रश्न सोडवायला घेतला. देह ज्या तत्त्वांचा बनतो ती तत्त्वे विश्वातल्या तशाच तत्त्वांत मिसळतात आणि पुन्हा एकत्र येतात. आत्म्याचा पुनर्जन्म नाही. मागच्या जन्मीच्या पापामुळे या जन्मी खालची जात, हा हिशेब त्यांना मुळातून खोडायचा होता. मृत्यूनंतरच्या समजुतीचा या जगातल्या माणसाच्या पाठीवर केवढा बोजा पडू शकतो, हे त्यांच्याइतके कोणी भोगून जाणलेले नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशीही एक आहे. पुढच्या आठ आठवड्यांतच ते गेले, आणि दादरच्या चौपाटीवर बौद्ध पद्धतीने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

आता शेजाऱ्यांकडे येऊ. मुंबईत मलबार हिलवर पारशांची डुंगरवाडी आहे. त्यांच्या समजुतीप्रमाणे आत्मा तीन रात्री देहाच्या उशाशी घुटमळतो. चौथ्या दिवशी पहाटे तो चिन्वत पुलावर जातो. तिथे त्याला न्यायला जी येते ती त्याचीच करणी असते. जन्मभर चांगला वागला असेल तर सुंदर युवती, वाईट वागला असेल तर भेसूर म्हातारी. ज्याचा निवाडा त्यानेच जन्मभर घडवलेला, ही कल्पना मला कोणत्याही नरकवर्णनापेक्षा धाक घालणारी वाटते. मागे राहिलेल्या देहाने अग्नी, पाणी, माती विटाळू नये म्हणून तो दख्म्यात उघडा ठेवायचा. गिधाडे तासाभरात काम उरकत.

ती गिधाडे गेली. गुराढोरांना दुखण्यावर देत ते डायक्लोफेनॅक त्यांच्या जिवावर उठते, हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी त्यावर बंदी आणली, तोवर देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडे नाहीशी झाली होती. एका समाजाच्या परलोकाची वाट जनावरांच्या औषधाने बंद पडली, असे इतिहासात दुसरे उदाहरण मला माहीत नाही. डुंगरवाडीत ऊन एकवटणारे आरसे बसवले गेले; पावसाळ्यात त्यांचा इलाज चालत नाही. काही पारशी घरांनी दहन स्वीकारले. दहन झालेल्यांसाठी प्रार्थना म्हणणाऱ्या दोन धर्मगुरूंवर डुंगरवाडीत बंदी घालण्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१५ मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत पारशी प्रार्थनागृह सुरू झाले. श्रद्धाळू माणसाला विचारले की तुझा आजोबा गिधाडांनी पार पोचवला, आई विजेच्या भट्टीने, तर दोघे एकाच पुलावर भेटतील का, तर तो क्षणाचाही विचार न करता हो म्हणतो.

कॅथलिकांचेही असेच झाले. शेवटच्या दिवशी देहासकट उठायचे, म्हणून देह पुरायचा, ही शतकांची रीत. १९६३ साली रोमने दहनाला मोकळीक दिली. २०१६ मध्ये सांगितले की रक्षा पवित्र जागी ठेवा, वाऱ्यावर किंवा पाण्यात सोडू नका. गोव्यात आणि मुंबईत जागा अपुरी, तेव्हा काही वर्षांनी थडगे उकरून हाडे भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि तीच जागा पुढच्याला देतात. २ नोव्हेंबरला सगळे गाव मेणबत्त्या आणि फुले घेऊन तिथे जाते. कोकणातल्या बेने इस्रायलींची कथा फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या सात पुरुष आणि सात स्त्रियांपासून सुरू होते, आणि बुडालेल्यांना जिथे पुरले ती अलिबागजवळच्या नवगावची जागा हेच त्यांचे मूळपीठ. मुसलमानांत कबरीतली सवालजबाबाची रात्र आणि कयामतीपर्यंतची वाट पाहणे सर्वांना मान्य, पण माहीमच्या मखदूम शाहबाबांच्या दर्ग्यावर जाऊन गेलेल्या संताकडे काही मागावे की नाही, यावरून त्यांच्यातच दोन तट आहेत.

हे सगळे सांगायचे कारण असे की, समजुती बदलतात. गरजेने बदलतात, विचाराने बदलतात, आणि आभाळ कोसळत नाही. जी सहजी बदलत नाही ती कामाची वाटणी.

जुन्या गावगाड्यात मौतीचा सांगावा परगावी घेऊन जायचा महाराने, भर पावसात, रात्री, न विचारता. सरणाची लाकडे आणायची त्याने. बदल्यात प्रेतावरचे कापड त्याचे. आत्मा अमर आहे आणि सर्वांभूती एक आहे असे सांगणाऱ्या गावात, त्या आत्म्याला निरोप द्यायचे सगळ्यांत जड काम ज्याच्या डोक्यावर, त्याची सावली नको. स्मशानातले विधी करणारा किरवंत ब्राह्मण. त्याच्याशी इतर ब्राह्मण सोयरीक करत नसत. प्रेमानंद गज्वींच्या 'किरवंत' नाटकाने ही जखम रंगमंचावर आणली. पारशांत देह वाहणारे नस्सेसालार, तेही वेगळे राहणारे. मृत्यू विटाळ मानला की तो विटाळ कोणाच्या तरी अंगावर ढकलावा लागतो, आणि कोणाच्या अंगावर, हे परलोक ठरवत नाही, गाव ठरवते.

आणि बायका. रडायचे त्यांनी, बांगड्या फोडायच्या त्यांच्या, पण स्मशानात जायचे नाही, अग्नी द्यायचा नाही. १८९० सालच्या नोव्हेंबरची २८ तारीख. पुण्यात जोतीराव फुले वारले. आपला देह जाळू नये, मीठ घालून पुरावा, अशी त्यांची इच्छा होती, आणि त्यासाठी त्यांनी घरामागे खड्डाही खणवून घेतलेला होता. राहत्या वस्तीत पुरण्याला नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही. स्वर्गनरकाचा बाजार ज्यांनी जन्मभर उघडा पाडला, त्यांच्या देहाचे काय करायचे ते शेवटी दुसऱ्यांनी ठरवले. तिरडी उठायच्या वेळी नवा वाद निघाला. टिटवे धरायचे कोणी? दत्तक मुलगा यशवंत पुढे झाला, तर भाऊबंदांनी हरकत घेतली. टिटवे धरतो त्याचा वारसाहक्क, ही त्यामागची खरी पोटदुखी. तेव्हा सावित्रीबाई पुढे आल्या. त्यांनी टिटवे स्वतःच्या हातात घेतले, अंत्ययात्रेच्या पुढे चालत गेल्या आणि नवऱ्याच्या चितेला अग्नी दिला.

हे चित्र मी वारंवार डोळ्यांसमोर आणतो. पुण्याचे रस्ते, दुतर्फा माणसे, आणि पुढे हातात मडके घेतलेली साठीला टेकलेली बाई. त्यांनी त्या दिवशी परलोकाबद्दल एक अक्षरही उच्चारले नसेल. मेल्यावर काय होते यावर जोतीरावांचे आणि भाऊबंदांचे मत कधी जुळले नसते. सावित्रीबाईंनी मताला हात घातलाच नाही. कामाला हात घातला. आज मुली आईवडिलांना अग्नी देतात, पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने शिकवलेल्या स्त्रिया पौरोहित्य करतात. ही वाट त्या दिवशी मळायला सुरुवात झाली.

नाथांची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. पैठणला एकनाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. वासाने वाटेवरच्या महाराच्या घरातल्या पोरांच्या तोंडाला पाणी सुटले. ते अन्न आपल्या नशिबी कुठले, असे आईबाप म्हणाले ते नाथांनी ऐकले आणि सगळा स्वयंपाक त्यांना वाढून टाकला. घर सारवून, आंघोळी करून गिरिजाबाईंनी दुसरा स्वयंपाक रांधला, पण ब्राह्मण जेवायला येईनात. महिपतींनी लिहून ठेवले आहे की तेव्हा नाथांचे पितरच पंक्तीला येऊन बसले. चमत्कार बाजूला ठेवा हवा तर. गोष्ट रचणाऱ्याला आणि अडीचशे वर्षे ती कीर्तनातून ऐकणाऱ्याला एवढे पक्के ठाऊक होते की पितर असलेच, तर ते कोणत्या बाजूला बसतील.

हे सगळे जुने झाले म्हणावे, तर मार्च २०२० मध्ये मुंबई महापालिकेने एक परिपत्रक काढले, की कोरोनाने मेलेल्यांचे, कोणत्याही धर्माचे असोत, दहनच करायचे. काही तासांत ते मागे घेतले गेले. मेमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वांद्र्याच्या दफनभूमीत दफन होऊ नये म्हणून आलेली याचिका फेटाळली आणि सन्मानाने अंत्यसंस्कार हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले. श्रीलंकेत मात्र जवळजवळ वर्षभर मुसलमानांचे मृतदेह सक्तीने जाळले गेले. २०२४ च्या जुलैमध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने त्याची माफी मागितली. दफनाने रोग पसरतो याला आधार नव्हता. आधार नसताना दुसऱ्याच्या मृताला हात लावण्याची हिंमत सत्तेला होते, ती तो मृत कोणाचा आहे ते पाहून.

श्रीलंका लांब आहे. आपल्या जिल्ह्यातल्या गावांकडे पाहा. एका गावाला दोन-दोन, तीन-तीन स्मशाने आजही आहेत. एकाला पत्र्याची शेड, ओटा, पाण्याचा नळ, आणि दुसऱ्याला ओढ्याकाठची उघडी जागा, जिथे जायला वाटही दुसऱ्याच्या शेतातून. जून-जुलैत कोणी गेले की ताडपत्री धरून उभे राहावे लागते, लाकडे भिजतात, रॉकेल ओतावे लागते, आणि शेतवाला अडवतो तेव्हा तिरडी बांधावर थांबते. यमाच्या दारात दोन रांगा आहेत असे कोणी लिहिलेले नाही, आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात मात्र त्या आहेत.

म्हणून माझी सभेला विनंती आहे, आणि ती मी लिहूनही आणली आहे. या व्याख्यानमालेच्या वतीने तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला पत्र जावे. सार्वजनिक पैशातून बांधलेले स्मशान गावातल्या सर्वांना खुले आहे, असा ठराव ग्रामसभेत करावा आणि फलकावर लावावा. जाळणाऱ्यांना शेड आणि वाट मिळावी. पुरणाऱ्या लिंगायत, मुसलमान, ख्रिस्ती, गोसावी समाजांना मोजून दिलेली, कुंपण घातलेली जागा मिळावी. ज्याला देहदान करायचे आहे त्याचा अर्ज कुठे द्यायचा, तेही त्याच फलकावर असावे. पत्राचा मसुदा चिटणीसांकडे दिला आहे. सह्यांसाठी कागद दाराशी टेबलावर आहेत, आणि जाताना मी तिथेच उभा असेन.